गोचीड आणि सल्लागार मंडळ

रानातून हिंडून आलेल्या माणसाच्या अंगावर गोचीड सापडला, की पहिल्या मिनिटाला तो माणूस ओरडतो, दुसऱ्या मिनिटाला त्याच्याभोवती चारजण जमतात आणि तिसऱ्या मिनिटाला त्या चौघांत मतभेद होतात. गोचीड काढण्याचं काम फार तर अर्ध्या मिनिटाचं. पण मुख्य ठराव, त्याला उपसूचना, हरकतीचा मुद्दा आणि ‘आमच्या गावाकडे तर...’ असं सुरू होणारं एक भाषण, एवढं उरकल्याशिवाय ते काम हाती घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही. गोचीड तोपर्यंत जेवून घेतो.

जानेवारीतल्या एखाद्या रविवारचा ट्रेक डोळ्यांसमोर आणावा. किल्ला कुठलाही चालेल. वाळक्या गवतातून जाणारी, गुरांनी मळलेली वाट असली म्हणजे झालं. मंडळी गड उतरून पायथ्याच्या एका घरी ओसरीवर पिठलं-भाकरीची वाट बघत बसली आहेत. कुणीतरी मोजा खाली करतो आणि पोटरीवर एक तपकिरी ठिपका दिसतो. आधी वाटतं, तीळ असेल. मग त्या तिळाला पाय असल्याचं लक्षात येतं. सल्लागार मंडळाचं कामकाज इथून सुरू होतं.

मंडळाचे काही सदस्य पदसिद्ध असतात. एक तंबाखू मळणारे गृहस्थ असतात. चावणारा प्राणी कोणताही असो, तंबाखू-चुन्याची चिमूट त्यावर दाबली की विषय संपला, असं त्यांचं मत असतं. दुसरा काडेपेटीवाला. तो काडी ओढतो, फुंकून विझवतो आणि तिचं लाल टोक गोचिडाच्या पाठीला लावायला पुढे सरसावतो. पोटरी दुसऱ्याची असल्यामुळे त्याचा हात जराही कापत नाही. तेवढ्यात कुणीतरी पर्समधून नेलपॉलिश काढते. गोचिडावर रंगाचा थर दिला की तो गुदमरून मरतो, असा हिशेब असतो. कुठला रंग वाया घालवायचा यावर दोन मिनिटं जातात. व्हॅसलीन, खोबरेल तेल, टूथपेस्ट, सॅनिटायझर आणि बाम यांच्या बाजूने बोलणारे असतातच. पूर्वी घरधनीण आतून रॉकेलची बाटली आणायची. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून ती जागा मोटारसायकलच्या टाकीतल्या पेट्रोलने घेतली आहे. पेट्रोलवाला आणि काडेपेटीवाला एकाच वेळी उत्साहात आले, तर पोटरीच्या मालकाने तिथून उठून जाणं श्रेयस्कर.

मंडळातला सर्वांत तरुण सदस्य मोबाइल पुढे करतो. त्यात एक व्हिडिओ असतो: गोचिडाभोवती बोट गोल गोल फिरवत राहायचं, की त्याला चक्कर येते आणि तो सुटतो. हा उपाय इतरांना हास्यास्पद वाटतो. मात्र हसणाऱ्यांत तंबाखूवालेही असतात.

यातल्या निम्म्या उपायांचं मूळ जळवांत आहे. आंबोली, कोयना, महाबळेश्वर इथल्या रानांत पावसाळ्यात चालणाऱ्यांच्या पायांना जळवा लागतात, आणि जळवेवर मीठ किंवा तंबाखू टाकली की ती खरोखरच गोळा होऊन गळून पडते. जळवेचं अंग मऊ आणि ओलं. मिठाने ते आक्रसतं, आणि तिचं धरणं फक्त चोषकाचं असल्याने पकड सुटते. ही विद्या पावसाळ्यात शंभर टक्के खरी ठरते. मग दिवाळी उलटते, जळवा मातीत जातात, गवत वाळतं, गोचिडांचे दिवस येतात आणि तीच मिठाची पुडी पुन्हा बाहेर निघते. गोचिडाला मिठाचं सोयरसुतक नसतं. त्याचं कवच चिवट आणि कोरडं असतं, आणि त्याचं तोंड यजमानाच्या कातडीत असतं.

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी आणि विंचू यांच्या कुळातला. वाढलेल्याला आठ पाय, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा. तो उडत नाही, उडी मारत नाही आणि झाडावरून नेम धरून कुणाच्या टाळूवर कोसळतही नाही, जरी तसं शपथेवर सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. तो गवताच्या काडीच्या टोकाशी चढतो, मागच्या पायांनी काडी धरतो आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून उभा राहतो. त्या पुढच्या पायांवर हॅलरचं इंद्रिय नावाची एक बारीक खळगी असते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास, सगळं त्याला तिथे कळतं. शहरातून आलेला, वर्षभर खुर्चीत बसलेला इसम खिंडीच्या चढावर धापा टाकत, घाम गाळत येतो तेव्हा गोचिडाला याहून स्पष्ट आमंत्रण मिळणं शक्य नसतं. पँट काडीला घासते, पुढचे पाय कापडाला पकडतात आणि पाहुणा वर चढतो.

या उभं राहण्याची सहनशक्ती अफाट. याकोब फॉन युक्सक्युल या जीवशास्त्रज्ञाने १९३४ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की रोस्टॉकच्या प्राणिशास्त्र संस्थेत अठरा वर्षं उपाशी असलेले गोचीड जिवंत ठेवले होते. अठरा वर्षं! तारखेवर तारीख पडत इतका काळ तग धरून राहणारं आपल्या ओळखीचं दुसरं काही असेल तर ते भावकीतला बांधाचा दावा. गोचिडाच्या जगात फारसं काही नसतंच, असं युक्सक्युलचं म्हणणं होतं: सस्तन प्राण्याच्या कातडीला येणारा ब्युटिरिक आम्लाचा वास, ऊब आणि केस नसलेली जागा. एवढ्या तीन गोष्टींवर त्याचा संसार चालतो. सल्लागार मंडळाला त्याच्या गुदमरण्याची आणि चक्कर येण्याची काळजी असते. त्याला स्वतःला असल्या तक्रारी नसतात.

आता तोंडाकडे वळू, कारण सगळं भांडण तिथलंच आहे. गोचीड दोन धारदार अवयवांनी कातडी कापतो आणि मागे वळलेल्या काट्यांची एक सोंड आत घालतो. ती बाहेरच्या दिशेने सहज निघू नये अशीच बनवलेली असते. बऱ्याच जातींचे गोचीड त्याशिवाय लाळेतून सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडून स्वतःला तिथे पक्कं करून घेतात. याच लाळेत बधिरपणा आणणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, म्हणून चावल्याचं कळतच नाही. मच्छर चावला की माणूस चापट मारतो. गोचीड चावला की माणूस जेवतो, पत्त्यांचा डाव मांडतो, गाडीत झोपतो आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी दचकतो. पूर्ण वाढलेली मादी काही दिवस रक्त पीत राहते आणि मूळ वजनाच्या शंभरपटही फुगू शकते. तिळाएवढी आलेली एरंडाच्या बीएवढी होऊन जाते. मग ती आपणहून गळून पडते, हजारो अंडी घालते आणि मरते. ‘राहू दे, आपोआप सुटेल’ म्हणणारे काका म्हणजे तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहेत. फक्त आठवडा लागतो.

या घरगुती औषधांची रीतसर परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ग्लेन नीडहॅम नावाचे शास्त्रज्ञ गोचिडांचा अभ्यास करत. त्यांनी १९८५ मध्ये ‘पिडियाट्रिक्स’ या नियतकालिकात लोकांच्या लाडक्या पद्धतींचा निकाल जाहीर केला. पेट्रोलियम जेली, नेलपॉलिश, सत्तर टक्के अल्कोहोल आणि आगकाडीचा चटका हे चारही उपाय त्यांनी कातडीत रुतलेल्या गोचिडांवर करून पाहिले. एकाही उपायाने गोचीड सुटला नाही. म्हणजे नेलपॉलिश आणि काडेपेटी हा केवळ आपला वारसा नव्हे. ओहायोतल्या काकांच्या खिशातही तीच सामग्री होती. जेलीने गुदमरवण्याची कल्पना फसते, कारण निवांत बसलेला गोचीड तासाभरात मोजकेच श्वास घेतो. त्याला गुदमरवायचं म्हणजे बराच वेळ हवा, आणि तेवढ्या वेळात तो आपली लाळ यजमानाच्या रक्तात सोडत राहतो. चटका दिल्यावर किंवा डिवचल्यावर तर आतलं आणखी काही उलटून जखमेत येण्याची भीती. शिवाय पोटरी भाजते ती वेगळीच.

नीडहॅमच्या चाचणीत टिकलेली पद्धत इतकी साधी आहे, की तिच्यामुळे कुणाचीच प्रतिष्ठा वाढत नाही. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा. घरोघरी भुवया कोरायचा प्लकर असतो तो उत्तम, टोकं जितकी अरुंद तितकं बरं. गोचिडाच्या फुगलेल्या पोटाला हात लावायचा नाही. कातडीला अगदी लागून, त्याच्या तोंडाशी धरायचं. मग सरळ वर, सावकाश, एकाच जोराने ओढायचं. हिसका नको, पीळ नको. कातडी जराशी तंबूसारखी उचलली जाते, क्षणभर काही होत नाही आणि मग तो सुटतो. साबणाने जागा आणि हात धुवायचे, हवं तर स्पिरिट लावायचं. झालं. यात ना मंत्र, ना गावाकडची आठवण, ना पाचजणांनी पाय धरून ठेवणं.

प्लकर नसेल तर? बोटांवर रुमाल किंवा कागद धरून तसंच, तोंडाशी पकडून ओढावं. प्लकर शोधण्यात सहा तास घालवण्यापेक्षा ते बरं; गोचीड जितका लवकर निघेल तितका चांगला.

पिळायचं की नाही हा मात्र अस्सल वादाचा मुद्दा आहे, आणि यात दोन्ही बाजूंना जाणकार आहेत. खाचेच्या छोट्या आकड्यासारखी हत्यारं बाजारात मिळतात. ती गोचिडाखाली सरकवून गोल फिरवायची असतात आणि जनावरांच्या डॉक्टरांत ती लोकप्रिय आहेत. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, मात्र चिमट्याने सरळ ओढायला सांगतं, पिळू नका म्हणतं. निवाडा असा द्यायला हरकत नाही: आकडा असेल तर फिरवा, चिमटा असेल तर ओढा. ‘घड्याळाच्या दिशेने की उलट्या’ यावर मात्र वेळ घालवू नये. गोचिडाच्या सोंडेवर स्क्रूचे आटे नसतात.

कधीकधी काळा ठिपका आत राहतो. मग ‘डोकं आत राहिलं!’ अशी बोंब उठते आणि एखादी काकू बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन काढते. त्या पिनेने आजवर अनेक काटे निघाले असतील, पण इथे तिला विश्रांती द्यावी. आत राहिलेला तुकडा तोंडाचा असतो. त्यातून नवा गोचीड फुटत नाही. चिमट्याने सहज निघाला तर ठीक, नाहीतर कातडी काही दिवसांत त्याला बाहेर ढकलते. उकरून जखम वाढते, एवढाच पिनेचा फायदा.

निघालेल्या गोचिडाचं काय करायचं यावर मंडळाचं आश्चर्यकारक एकमत असतं: दोन अंगठ्यांच्या नखांत धरून चिरडायचा. उवा मारलेल्या पिढ्यांची ही सवय. इथे ती वाईट. चिरडलेल्या गोचिडातलं द्रव बोटाच्या चिरेतून आत जाऊ शकतं. २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळच्या गावात क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप भारतात पहिल्यांदा निश्चित झाला. तो गोचिडाच्या चावण्याने पसरतो तसाच गोचीड चिरडल्यानेही लागू शकतो. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने केलं होतं. तेव्हा गोठ्यात गाईच्या कानामागचे गोचीड उघड्या बोटांनी काढून तिथेच फोडणाऱ्यांनी हातमोजे घालावेत आणि फोडणं सोडावं. गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावा, चिकटपट्टीत घट्ट गुंडाळून फेकावा किंवा संडासात सोडून पाणी ओतावं.

त्यानंतर तारीख लिहून ठेवायची. यासाठी कालनिर्णयाइतकी सोयीची जागा नाही. दुधाच्या खाड्यांशेजारी ‘गोचीड, डावी पोटरी’ अशी नोंद झाली, की महिनाभर ती येताजाता दिसत राहते. पुढच्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, अंगदुखी काहीही झालं तर डॉक्टरांना ती तारीख सांगता येते. आपल्याकडे पेशंट डॉक्टरांना बाहेरचं काय खाल्लं ते खोटं सांगतो आणि रानात गेलो होतो ते सांगतच नाही.

एक निघाला म्हणजे संपलं असंही नाही. सीडीसीची यादी सांगते की बगल, कानाच्या मागे आणि आत, केसांत, गुडघ्याच्या मागे, कमरेभोवती, मांड्यांच्या मध्ये आणि बेंबीत पाहावं. ही यादी मराठी ट्रेक ग्रुपमध्ये मोठ्याने वाचून दाखवायला धीर लागतो. ‘मित्रांनो, आता सर्वांनी बेंबी तपासून घ्या’ अशी सूचना देणारा लीडर पुढच्या ट्रेकला लीडर राहत नाही. म्हणून हे काम घरी, आरशासमोर, आणि ज्यांचं लग्न झालंय त्यांनी जोडीने करावं. घरी आल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ केली तर न रुतलेले गोचीड धुतले जातात आणि रुतलेले सापडतात. कपडे सोफ्यावर न टाकता थेट गरम पाण्यात टाकावेत. गार पाण्याने गोचीड मरत नाहीत. वर ‘रविवारी दमलोय, उद्या बघू’ हे वाक्य गोचिडाच्या फार सोयीचं असतं.

इथवरचं हसण्यावारी नेलेलं चालेल. सह्याद्रीच्या दक्षिण भागात मात्र हा विषय हसण्यावारी न्यायची सोय राहिलेली नाही.

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याहून विषाणू संशोधन केंद्राचं पथक गेलं. हीच संस्था पुढे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था झाली. माकडं मरतात म्हटल्यावर पहिली शंका पिवळ्या तापाची आली, आणि ती भयंकर होती, कारण तो आशियात कधीच नव्हता. निघाला एक नवाच विषाणू, रशियातल्या गोचीड-तापाच्या नात्यातला. वाहक होता हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाचा रानगोचीड. त्याचा शोध घ्यायला शास्त्रज्ञ जंगलात पांढरं फडकं जमिनीवरून फरफटत नेत आणि त्याला चिकटलेले गोचीड मोजत. सल्लागार मंडळ ज्या गोष्टीपासून पळतं, ती ही माणसं कापडाने गोळा करत होती.

शास्त्राने या तापाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हटलं. लोकांनी माकडताप म्हटलं, तेच रूढ झालं. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात. माणसाला चावतात ती मुख्यतः गोचिडाची अर्धवट वाढलेली पिल्लं, आणि त्यांचा हंगाम डिसेंबरपासून मेपर्यंतचा. कोकणात तेव्हा नेमकं काय चालू असतं? भाजावळीसाठी कवळ तोडणं, पातेरा गोळा करणं आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे काजू. झाडाखालच्या सुक्या पातेऱ्यात हात घालून बोंडं वेचायची, बिया पिळून वेगळ्या करायच्या. त्याच पातेऱ्यात ती पिल्लं पाय पसरून उभी असतात. आजारी माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड गार पडणारं शरीर सोडतात आणि आसपासच्या जमिनीवर पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघतात. मेलेलं माकड दिसलं तर कुतूहलाने जवळ जायचं नाही, काठीने हलवायचं नाही. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं.

हा ताप एकाएकी चढतो. कपाळ ठणकतं, अंग मोडून येतं, काहींना रक्तस्राव होतो, आणि शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात. त्यावर खास औषध नाही. वेळेत रुग्णालयात जाणं हाच उपाय. जुनी लस होती, पण तिच्याने पुरेसं संरक्षण होत नसल्याने ती बंद झाली. एका माणसाकडून दुसऱ्याला हा ताप लागत नाही, त्यामुळे आजाऱ्याला वाळीत टाकण्याचं कारण नाही.

सरकारी पत्रक सांगतं: पूर्ण बाह्यांचे कपडे, विजार मोज्यात खोचलेली, पायांत बूट, उघड्या अंगाला गोचीड पळवणारं तेल. सल्ला शंभर टक्के योग्य आहे. मात्र लिहिणाऱ्याने एकदा एप्रिलच्या दुपारी, कोकणातल्या त्या दमट उकाड्यात, त्या वेशात चार तास काजू वेचून पाहावेत. तेलाचं त्यातल्या त्यात जमतं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने ‘डेपा’ नावाचं द्रव्य तयार केलं आहे आणि कर्नाटकातल्या मलनाड भागातल्या गावांत त्याचं तेल वाटलं जातं. बाकी खरा आधार कामावरून परतल्यावरच्या कढत पाण्याच्या आंघोळीचा आणि घरातल्या कुणीतरी पाठ निरखून बघण्याचा. पिल्लं इतकी बारीक असतात, की नुसत्या नजरेने घाणीचा कण वाटतात. अजून न रुतलेली, अंगावर फिरणारी पिल्लं चिकटपट्टीने उचलता येतात.

समुद्रापलीकडच्या मराठी माणसाला गोचीड वेगळ्याच वेशात भेटतो. न्यू जर्सीत मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आई-बाबांना परसातली हरणं पाहून भरून येतं. ते गॅलरीतून फोटो काढतात, पुण्याच्या ग्रुपवर टाकतात, हिरवळीवर अनवाणी चालायला जातात, कारण सकाळचं दव डोळ्यांना चांगलं. मुलगी खिडकीतून ओरडते, ‘बाबा, मोजे!’ तिला ठाऊक असतं की अमेरिकेच्या ईशान्येत हरणापाठोपाठ गोचीड येतात आणि गोचिडापाठोपाठ लाइम नावाचा आजार. खरं तर जंतू हरणाचा नसतो. तो पांढऱ्या पायांच्या उंदराकडून गोचिडाच्या पिल्लांत येतो. हरणं मोठ्या गोचिडांना पोसतात एवढंच. कनेटिकटमधल्या लाइम गावी १९७५ च्या सुमारास मुलांचे सांधे सुजू लागले, तेव्हा डॉक्टरांच्या मागे लागून चौकशी करायला लावणाऱ्यांत पॉली मरे नावाची एक आई होती. पुढे विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडाच्या पोटात जंतू शोधला आणि त्याला त्यांचंच नाव मिळालं. लाइमच्या जंतूला रक्तात उतरायला साधारण दिवसभराहून जास्त वेळ लागतो, म्हणून तिकडे संध्याकाळी मुलांचं अंग तपासणं हा गृहपाठाइतकाच नित्याचा भाग. नातू आजोबांना बेंबी दाखवायला सांगतो. आजोबा नकार देतात. वाटाघाटी चालू राहतात.

आणि मटणप्रेमींसाठी सर्वांत वाईट बातमी शेवटी. अमेरिकेतल्या ‘लोन स्टार’ गोचिडाच्या चावण्याने काही माणसांना अल्फा-गॅल नावाच्या साखरेची अ‍ॅलर्जी जडते. ही साखर गाय, शेळी, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या मांसात असते. मटण खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. दोन ते सहा तासांनी, म्हणजे बरोबर मध्यरात्री, अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात, कधी श्वासही कोंडतो. व्हर्जिनिया विद्यापीठातले थॉमस प्लॅट्स-मिल्स हे याचे एक प्रमुख अभ्यासक. त्यांना २००७ मध्ये ब्लू रिज डोंगरात भटकताना ढीगभर पिल्लं चावली, काही महिन्यांनी त्यांनी लंडनमध्ये मटणाच्या चापा खाल्ल्या आणि रात्री स्वतःच स्वतःचे रुग्ण झाले. २०१० पासून अमेरिकेत साडेचार लाखांपर्यंत लोकांना याची बाधा झाली असावी, असा सीडीसीचा २०२३ चा अंदाज. कोल्हापूरकराने ही माहिती बसूनच वाचावी: एक गोचीड माणसाला जन्मभराचा श्रावण लावू शकतो. मालवणी माणसाने मात्र घाबरू नये. मासे आणि कोंबडी यांत अल्फा-गॅल नसतं.

घरातल्या कुत्र्याबद्दल दोनच ओळी. त्याच्या अंगावरचा तपकिरी गोचीड फ्लॅटच्या भिंतींच्या फटीतही अख्खा संसार करू शकतो, आणि त्याच्या चाव्याने कुत्र्याला येणारा ‘टिक फीवर’ जिवावर बेततो. कुत्रं दोन दिवस जेवलं नाही, तर ते रुसलं असेल असं समजत बसू नये. जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

ट्रेकला निघताना पाठवल्या जाणाऱ्या यादीत टॉर्च, शिट्टी, दोन लिटर पाणी, कोरडा खाऊ आणि ‘दागिने आणू नयेत’ हे सगळं असतं. त्यात एक प्लकर आणि स्पिरिटची छोटी बाटली वाढवावी. घरचा प्लकर बहुधा बहिणीच्या किंवा बायकोच्या पाऊचमध्ये सापडतो. विचारूनच न्यावा, परत देण्याआधी स्पिरिटने पुसावा, आणि कशासाठी वापरला ते तिने विचारल्याशिवाय सांगू नये.